विनामूल्य ऑनलाइन विद्यापीठीय अभ्यासक्रम आणि प्रोग्रॅमिंगचे अध्ययन : वऱ्हाडाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत शिक्षणाचे जे कार्य उभे केले, त्याचा उल्लेख होताच श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांची नावे आपल्या ओठांवर येतात. त्याच कार्याचा दुसरा भाग मात्र तितकासा आठवला जात नाही. तो म्हणजे श्रद्धानंद छात्रालय. खेड्यातील कुणब्याच्या, मजुराच्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांना एकत्र राहून शिकता यावे म्हणून हे वसतिगृह सुरू झाले. शाळेचे दार उघडे असणे ही एक गोष्ट आणि त्या दारातून आत गेलेला मुलगा परीक्षेपर्यंत टिकणे ही दुसरी गोष्ट, हे भाऊसाहेबांनी ओळखले होते. दार उघडण्यास कायदा किंवा देणगी पुरते. टिकून राहण्यासाठी जागा, सोबत आणि विचारपूस करणारे माणूस लागते.

गेल्या दोन दशकांत संगणकशास्त्राच्या शिक्षणात असेच एक मोठे दार उघडले आहे. जगातील नामवंत विद्यापीठांचे आणि आपल्याकडील आय.आय.टी.चे अभ्यासक्रम आज अकोटच्या किंवा दर्यापूरच्या विद्यार्थ्यास घरबसल्या, विनामूल्य पाहता येतात. त्याविषयी आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत असे की, आता शिक्षकाची गरज उरली नाही. दुसरे मत असे की, हे सारे प्रमाणपत्रांचे थोतांड आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला असून काही निवडक अभ्यासक्रमांचे, ते जणू पाठ्यग्रंथच आहेत असे मानून, परीक्षण केले आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासक्रमाचे मर्म व्याख्यानात नसून तपासून मिळणाऱ्या गृहपाठात असते. विनामूल्य मिळते ते बहुधा व्याख्यान. गृहपाठाची जबाबदारी स्थानिक महाविद्यालयाने उचलली नाही तर हे उघडे दार आपल्या विद्यार्थ्यांच्या फारसे उपयोगी पडत नाही.

१. विनामूल्य अभ्यासक्रमांची वाटचाल

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने एप्रिल २००१ मध्ये आपल्या सर्व अभ्यासक्रमांचे साहित्य इंटरनेटवर विनामूल्य ठेवण्याची घोषणा केली. २००२ मध्ये पन्नास अभ्यासक्रमांपासून सुरुवात झाली आणि २००७ पर्यंत ही संख्या सुमारे १८०० झाली. योगायोग असा की, २००१ याच वर्षी महाराष्ट्रात एम.के.सी.एल.ची स्थापना होऊन एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचू लागला. वऱ्हाडातील असंख्य तरुणांनी संगणकाला पहिला हात लावला तो याच अभ्यासक्रमात. मात्र दोन्हींची दिशा भिन्न होती. एम.एस.-सी.आय.टी.ने संगणक वापरण्यास शिकवले. संगणकाला काम सांगण्यास शिकवणे हा तिचा उद्देश नव्हता.

भारतात सात आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये एन.पी.टी.ई.एल. हा प्रकल्प हाती घेतला. अभियांत्रिकी महाविद्यालयांत योग्य शिक्षकांची उणीव आहे, ती चित्रित व्याख्यानांनी भरून काढावी, अशी त्यामागील भूमिका होती. २०११ च्या शरदात स्टॅनफर्ड विद्यापीठाने कृत्रिम बुद्धिमत्ता, मशीन लर्निंग आणि डेटाबेस हे तीन अभ्यासक्रम जगाला खुले केले. त्यांपैकी पहिल्यास सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नाव नोंदवले आणि सुमारे २३ हजारांनी तो पूर्ण केला. पुढील वर्षी कोर्सेरा, उडॅसिटी आणि एडएक्स या संस्था उभ्या राहिल्या. एन.पी.टी.ई.एल.ने मार्च २०१४ पासून प्रमाणपत्र देणारे अभ्यासक्रम सुरू केले. जुलै २०१७ मध्ये केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या मंचाचे औपचारिक उद्घाटन झाले.

या इतिहासातील एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. एम.आय.टी.ने पहिल्यापासून स्पष्ट केले होते की, हे साहित्य म्हणजे एम.आय.टी.चे शिक्षण नव्हे. त्यातून पदवी मिळणार नाही आणि प्राध्यापकांशी संपर्कही मिळणार नाही. देणाऱ्याने स्वतःच देणगीची मर्यादा सांगितली होती. ती मर्यादा घेणाऱ्यांनी विसरावी, यातून पुढील बराचसा गोंधळ निर्माण झाला.

२. प्रोग्रॅमिंग शिकणे म्हणजे नेमके काय?

अभ्यासक्रमांचे मूल्यमापन करण्यापूर्वी कसोटी ठरवणे आवश्यक आहे. त्यासाठी आपल्या परिसरातील एक साधे उदाहरण घेऊ. समजा, बाजार समितीत पहिल्या दिवशी ३०० क्विंटल तूर ७००० रुपये दराने आणि दुसऱ्या दिवशी ४०० क्विंटल तूर ६५०० रुपये दराने विकली गेली. दोन दिवसांचा सरासरी भाव काढणारा प्रोग्रॅम सी भाषेत लिहावयाचा आहे.

बहुतेक नवशिके विद्यार्थी दोन्ही दर मिळवून दोनाने भागतात. उत्तर येते ६७५०. प्रोग्रॅम विनातक्रार चालतो, पडद्यावर आकडा उमटतो आणि विद्यार्थी समाधानी होतो. पण हे उत्तर चूक आहे. आवक दोन्ही दिवशी सारखी नसल्याने दराला क्विंटलने गुणून बेरीज करावी लागेल. एकूण रक्कम ४७ लाख रुपये, एकूण आवक ७०० क्विंटल, म्हणून खरा सरासरी भाव सुमारे ६७१४ रुपये २९ पैसे. चुकीच्या सरासरीने हिशेब केल्यास ७०० क्विंटलमागे २५ हजार रुपयांचा फरक पडतो. ही चूक संगणक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती चूकच नाही.

आता विद्यार्थ्याने सूत्र सुधारले, पण सर्व संख्या पूर्णांक प्रकारात ठेवल्या. पूर्णांकाला पूर्णांकाने भागल्यास सी भाषेत अपूर्णांक गळून पडतो, त्यामुळे उत्तर ६७१४ येते आणि २९ पैसे नाहीसे होतात. हाच प्रोग्रॅम टर्बो सी या जुन्या कंपायलरवर चालवला तर अधिकच विलक्षण गोष्ट घडते. आपल्याकडील अनेक प्रयोगशाळांत हा कंपायलर दीर्घकाळ वापरात राहिला आहे. त्यातील पूर्णांक सोळा बिटांचा असल्याने ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या त्यात मावत नाही. २१ लाखांचे २८४८ होतात, २६ लाखांचे उणे २१,४४० होतात आणि तुरीचा सरासरी भाव निघतो उणे २६ रुपये! शिवाय बाजार बंद असल्याने आवक शून्य असेल तर भागाकारच अशक्य होतो आणि प्रोग्रॅम कोसळतो.

उणे २६ हे उत्तर पाहून आपला विद्यार्थी जो प्रश्न विचारतो, तो अस्सल वऱ्हाडी असतो : ‘सर, हे असं काऊन येऊन राह्यलं?’ या ‘काऊन’पासून प्रोग्रॅमिंगचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू होते. भाषेचे व्याकरण पाठ करणे हा त्याचा प्रारंभिक आणि सोपा भाग आहे. उत्तर चुकले आहे हे ओळखणे, कारण शोधणे, सुधारणा करणे आणि ती सुधारणा इतर परिस्थितींत टिकते का हे तपासणे, ही खरी विद्या आहे. म्हणून कोणत्याही अभ्यासक्रमाला पुढील कसोटी लावणे उचित ठरेल : तो विद्यार्थ्याला स्वतः प्रोग्रॅम लिहिण्यास भाग पाडतो काय? लिहिलेले चूक की बरोबर, हे त्याला वेळेवर कळते काय? आणि चुकल्यावर ‘काऊन’चे उत्तर देणारे कोणी असते काय?

३. निवडक अभ्यासक्रमांचे परीक्षण

३.१ एबल्सन व सस्मन यांची व्याख्याने : एम.आय.टी.चा ६.००१ हा अभ्यासक्रम संगणकशास्त्राच्या अध्यापनात अभिजात मानला जातो. हॅरल्ड एबल्सन आणि जेराल्ड सस्मन यांनी ज्युली सस्मन यांच्या सहकार्याने लिहिलेला त्याचा ग्रंथ १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८६ मध्ये ह्युलेट-पॅकर्ड कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी दिलेली त्यांची व्याख्याने चित्रित झाली आणि ग्रंथाप्रमाणेच तीही आज विनामूल्य उपलब्ध आहेत. स्कीम ही लहानशी भाषा घेऊन गुंतागुंत आटोक्यात कशी आणावी, हे येथे इतक्या स्पष्टतेने मांडले आहे की, चाळीस वर्षांनंतरही ही व्याख्याने शिळी वाटत नाहीत. परंतु ती मूळची अनुभवी अभियंत्यांसमोर दिलेली आहेत. त्यातील अनेक उदाहरणे गणिताची चांगली बैठक गृहीत धरतात. ग्रंथातील स्वाध्याय हा त्याचा आत्मा आहे. पण ते तपासणारे कोणी नाही. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने केवळ ही व्याख्याने पाहिली तर त्याला श्रवणाचा आनंद मिळेल, विद्या मिळेलच असे नाही. शिक्षकाने मात्र ती अवश्य पाहावीत. कसे शिकवावे याचा तो उत्तम वस्तुपाठ आहे.

३.२ हार्वर्डचा सी.एस. ५० : डेव्हिड मॅलन यांचा हा अभ्यासक्रम २०१२ मध्ये एडएक्सवर आला. मॅलन यांच्या व्याख्यानांतील नाट्यमयता आपल्याकडील काही अध्यापकांना रुचत नाही आणि तो आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु या अभ्यासक्रमाचे बळ रंगमंचावर नसून साप्ताहिक प्रश्नसंचांत आहे. विद्यार्थी स्क्रॅचपासून सुरुवात करून सी, पायथन, एस.क्यू.एल. आणि वेब या क्रमाने जातो. प्रत्येक प्रोग्रॅम स्वयंचलित तपासणीतून जातो आणि कोणत्या निविष्टीवर तो अडखळला ते लगेच कळते. आपल्या उदाहरणातील शून्य आवकेचा दिवस अशा तपासणीत सुटत नाही. सचोटीविषयीचा त्यांचा नियमही मननीय आहे. नियमभंग केलेल्या विद्यार्थ्याने ७२ तासांच्या आत स्वतःहून कबुली दिली तर त्याच्याकडे सौम्यपणे पाहिले जाते. नक्कल ही नैतिक अधोगतीपेक्षा बहुधा मध्यरात्रीच्या हतबलतेतून घडते, ही जाण त्यामागे आहे. पहिल्या दोन कसोट्यांवर हा अभ्यासक्रम उत्तम उतरतो. तिसऱ्या कसोटीवर मात्र हार्वर्डच्या आवारातील विद्यार्थ्याला सहाय्यकांचा मोठा संच मिळतो आणि तेल्हाऱ्याच्या विद्यार्थ्याला मिळत नाही. इंग्रजीच्या वेगाचा अडसर आहे तो वेगळाच.

३.३ एन.पी.टी.ई.एल. व स्वयम् : आपल्या महाविद्यालयांशी प्रत्यक्ष संबंध येतो तो याच अभ्यासक्रमांचा. खरगपूरचे अनुपम बसू यांचा सी भाषेचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर व अल्गोरिदम शिकवणारा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम हे विशेष परिचित आहेत. बसू यांची मांडणी शांत, फळ्यावर शिकवणाऱ्या जुन्या शिक्षकाची आठवण करून देणारी आहे. ग्रामीण विद्यार्थ्याला ती मानवते. मुकुंद यांच्या अभ्यासक्रमात प्रोग्रॅम लिहून चाचणी-निविष्टींवर तपासून घ्यावे लागतात, म्हणून आपल्या कसोटीवर तो अधिक सरस ठरतो.

तथापि, या मंचाच्या मूल्यमापन-पद्धतीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्राच्या परीक्षेस सर्वसाधारणपणे १००० रुपये शुल्क पडते. गृहपाठास २५ आणि देखरेखीखालील परीक्षेस ७५ गुण असतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ गृहपाठ धरले जातात. गृहपाठात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० गुण मिळवणारा प्रमाणपत्रास पात्र ठरतो. बहुसंख्य अभ्यासक्रमांत गृहपाठ आणि परीक्षा दोन्ही बहुपर्यायी प्रश्नांचे असतात. अशा गृहपाठाची उत्तरे मुदत संपण्यापूर्वीच व्हॉट्सॲप व टेलिग्रामच्या गटांतून फिरतात, हे आपल्यापैकी कोणालाही नवे नाही. परिणामी विद्यार्थ्याने एकही प्रोग्रॅम स्वहस्ते न लिहिता प्रोग्रॅमिंगचे प्रमाणपत्र मिळवणे शक्य होते. व्याख्यान देणाऱ्या प्राध्यापकांकडे याचा दोष जात नाही. लाखोंचे मूल्यमापन स्वस्तात करावयाचे तर हीच पद्धत उरते. पण प्रमाणपत्र म्हणजे कौशल्य असे समीकरण मांडून आपण त्याची संख्या अहवालांत नोंदवतो, तेव्हा दोष आपल्याकडे येतो.

३.४ स्पोकन ट्युटोरियल : आय.आय.टी. मुंबईचे कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेला हा प्रकल्प मराठी वाचकांच्या दृष्टीने सर्वांत जवळचा असूनही त्याची चर्चा कमी होते. सुमारे दहा मिनिटांच्या एकेका पाठात संगणकाचा पडदा दिसतो आणि निवेदन ऐकू येते. सी, सी++, जावा, पायथन, लिनक्स अशा विषयांचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. पडद्यावरील आज्ञा इंग्रजीत राहतात आणि स्पष्टीकरण मराठीत होते. विद्यार्थ्याने पाठ थांबवत थांबवत तीच कृती स्वतः करून पाहावी, अशी पद्धत आहे. पाठाची संहिता आधी नवशिक्याकडून तपासून घेण्याचा दंडक हे या प्रकल्पाचे मोठे वैशिष्ट्य होय. इंटरनेटविना पाहता येण्याची सोय त्यांनी आरंभापासून ठेवली, हेही आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचे.

उणीव एवढीच की, हे पाठ साधन वापरण्यास शिकवतात; समस्या सोडवण्यास शिकवणे हे त्यांचे प्रधान उद्दिष्ट नाही. पाठाच्या अखेरीस स्वाध्याय असतो, तो तपासला जात नाही. म्हणून हे पाठ अभ्यासक्रमाचा पर्याय नसून त्याची पूर्वतयारी आहेत, असे म्हणावे लागेल. परिभाषेच्या प्रश्नावर मात्र त्यांनी दाखवलेला मार्ग अनुकरणीय आहे. ‘व्हेरिएबल’ला ‘चल’ म्हणावे की ‘चलपद’ या वादात वर्ग अडवून ठेवण्यापेक्षा संज्ञा आहे तशी ठेवून तिचा अर्थ, कारण आणि वापर मराठीत उलगडणे श्रेयस्कर ठरते. आपल्या वर्गांत चांगले शिक्षक नेहमी हेच करत आले आहेत.

४. पूर्ण कोण करतो?

हार्वर्ड आणि एम.आय.टी. यांनी २०१२-१३ मधील आपल्या सतरा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा अहवाल प्रसिद्ध केला. एकूण ८,४१,६८७ नोंदण्यांपैकी ४३,१९६ जणांनी प्रमाणपत्र मिळवले, म्हणजे सुमारे पाच टक्के. २,९२,८५२ नोंदण्या अशा होत्या की, त्या विद्यार्थ्यांनी अभ्याससाहित्य एकदाही उघडले नाही. नोंदणी करणाऱ्यांत पदवी किंवा त्याहून अधिक शिक्षण झालेल्यांचे प्रमाण सुमारे दोनतृतीयांश होते. अपूर्ण राहिलेली प्रत्येक नोंदणी हे अपयश मानू नये, कारण अनेकजण हवा तेवढा भाग पाहून थांबतात, ही अहवालाची भूमिका रास्त आहे. तरीही शिकणे ज्यांना आधीच साधले आहे, त्यांनाच या अभ्यासक्रमांचा अधिक लाभ झाला, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट विद्यापीठाने २०१३ मध्ये उडॅसिटीच्या साहाय्याने नियमित विद्यार्थ्यांना ऑनलाइन अभ्यासक्रम दिले. पहिल्या सत्राचे निकाल वर्गातील विद्यार्थ्यांपेक्षा निकृष्ट लागले आणि जुलैमध्ये प्रयोग स्थगित करावा लागला. उन्हाळी सत्रात निकाल सुधारले, पण त्या तुकडीत आधीच पदवीधर असलेल्यांचा मोठा भरणा होता. यातून ध्यानात येते की, दुर्बळ शैक्षणिक पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्याला साहित्यापेक्षा साहाय्याची गरज अधिक असते.

आणखी एक घटना तितकीच बोलकी आहे. उत्पन्नाची चणचण भासू लागल्यावर कोर्सेराने अनेक अभ्यासक्रमांत आणि एडएक्सने २०१८ च्या अखेरीपासून एक बदल केला. व्याख्याने विनामूल्य ठेवली आणि गुणांकन होणारे गृहपाठ शुल्क भरणाऱ्यांसाठी राखून ठेवले. अभ्यासक्रमाचा मौल्यवान भाग कोणता, हे बाजाराने आपल्याआधी ओळखले. सी.एस. ५० सारख्या काही अभ्यासक्रमांनी आपले प्रश्नसंच व तपासणी अन्य मार्गाने खुली ठेवली आहे, हा स्वागतार्ह अपवाद होय.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. तुरीच्या भावाचा प्रोग्रॅम आता क्षणार्धात तयार मिळतो. गृहपाठ केवळ सादर करून घेण्याची पद्धत त्यामुळे निरर्थक ठरली आहे. हार्वर्डने २०२३ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी थेट उत्तर न देता उत्तराकडे नेणारा सहाय्यक तयार केला, तो याच अडचणीवरील उपाय म्हणून. आपल्याकडे त्याहून स्वस्त उपाय उपलब्ध आहे. विद्यार्थ्याला समोर बसवून ‘ही ओळ काऊन लिहिली?’ असे विचारणे, हा तो उपाय.

५. वऱ्हाडातील वास्तव

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ मध्ये झाली. त्याच दशकात बडनेरा, शेगाव आणि अकोल्याजवळील बाभुळगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तर १९६४ पासूनचे. म्हणजे संगणकशिक्षणाच्या संस्था आपल्याकडे नाहीत, असे म्हणता येणार नाही. प्रश्न विद्यार्थ्याच्या दिवसाचा आहे.

अंजनगाव, चांदूर बाजार, मूर्तिजापूर किंवा बाळापूर येथून एस.टी.ने येणारा विद्यार्थी सकाळी घर सोडतो आणि शेवटची बस गाठण्यासाठी सायंकाळी प्रयोगशाळा सोडतो. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि मोबाईल घरोघरी पोहोचला. त्यामुळे व्याख्यान पाहणे सुलभ झाले. पण व्याख्यान मोबाईलवर पाहता येते, शंभर ओळींचा प्रोग्रॅम मोबाईलवर लिहिणे मात्र दुरापास्त असते. त्यासाठी कळफलक, मोठा पडदा आणि निवांत दोन तास लागतात. मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याच्या विद्यार्थ्याला तर अनेकदा नेटवर्कचीच वानवा असते. अर्थात, विनामूल्य अभ्यासक्रमाचे शुल्क शून्य असले तरी तो पूर्ण करण्याची किंमत शून्य नसते. आणि ही किंमत ज्याला सर्वांत जड, त्यालाच हा अभ्यासक्रम सर्वांत आवश्यक असतो.

दुसरी बाजू शिक्षकांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत आणि २०२१ च्या विनियमांनी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम्‌वरून पूर्ण करून त्याचे श्रेयांक घेण्यास मुभा दिली. वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाच्या मनात यामुळे आपला कार्यभारच घटेल, अशी भीती निर्माण झाली तर ती अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु विनियमांचे वाचन येथे अर्धवट होते. प्रयोगशाळा, संगणक, ग्रंथालय या सुविधा मूळ संस्थेने विनामूल्य व पुरेशा प्रमाणात पुरवाव्यात आणि विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनासाठी समन्वयक नेमावा, अशीही अपेक्षा त्यात आहे. श्रेयांक स्थानांतरित होतात. जबाबदारी स्थानांतरित होत नाही. समन्वयक हा कागदावरील नावापुरता न राहता प्रत्यक्ष तास घेणारा शिक्षक झाला आणि ते तास कार्यभारात मोजले गेले, तर ऑनलाइन अभ्यासक्रम शिक्षकाचा प्रतिस्पर्धी ठरणार नाही.

६. महाविद्यालयांनी काय करावे?

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील सूचना कराव्याशा वाटतात. त्यांपैकी एकीलाही मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

एक, विद्यार्थ्यांना शेकडो अभ्यासक्रमांची यादी देऊन मोकळे सोडण्याऐवजी विभागाने एका सत्रात एकच अभ्यासक्रम निवडावा आणि संपूर्ण वर्गाने तो एकत्र करावा. निवड करताना व्याख्यात्याच्या कीर्तीपेक्षा गृहपाठाची पद्धत पाहावी.

दोन, व्याख्यान घरी किंवा प्रवासात मोबाईलवर पाहण्यासाठी ठेवावे आणि प्रयोगशाळेतील आठवड्याचे किमान दोन तास केवळ गृहपाठासाठी राखावेत. प्रयोगशाळेच्या वेळा बसच्या वेळापत्रकाकडे पाहून ठरवाव्यात.

तीन, प्रत्येक विद्यार्थ्याने आपला प्रोग्रॅम पाच-दहा मिनिटे तोंडी समजावून सांगावा आणि अंतर्गत गुण त्यावरच द्यावेत. पाठ केलेले किंवा उसने घेतलेले येथे टिकत नाही. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात हे दर आठवड्याला शक्य नाही, हे खरे. पण सत्रात तीन वेळा प्रत्येकाची पाळी येऊ शकते.

चार, दर आठवड्याला एक प्रश्न परिसरातून घ्यावा. बाजार समितीतील आवक, पर्जन्यमानाच्या नोंदी, कापसातून निघणाऱ्या रुईचा उतारा, ग्रंथालयातील देवघेव अशा विषयांवरील प्रश्नांची उत्तरे इंटरनेटवर तयार मिळत नाहीत. शिवाय ज्याच्या घरी तूर पिकते त्याला उणे २६ रुपये हा भाव पाहताच काहीतरी चुकले आहे हे कळते. चूक ओळखण्याची ही नैसर्गिक शक्ती परक्या उदाहरणांत निष्क्रिय राहते.

पाच, स्पष्टीकरण निःसंकोच मराठीत व्हावे आणि त्याबरोबरच इंग्रजीतील त्रुटी-संदेश वाचण्याचा सराव द्यावा. त्रुटी-संदेशांची भाषा मर्यादित असते. शे-दोनशे शब्दांत ती आटोक्यात येते.

सहा, अहवालांत प्रमाणपत्रांच्या संख्येबरोबर विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या आणि तपासल्या गेलेल्या प्रोग्रॅमची नोंद ठेवावी.

समारोप

विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रमांनी शिक्षक अनावश्यक ठरवला, हे मत प्रस्तुत चिकित्सेत टिकत नाही. ते सारे थोतांड आहे, हे मतही टिकत नाही. एबल्सन-सस्मन यांची व्याख्याने, मॅलन यांचे प्रश्नसंच, मुकुंद यांच्या चाचण्या आणि मौद्गल्य यांच्या प्रकल्पातील मराठी पाठ हे पूर्वी लक्षावधी रुपये खर्चूनही अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयाला मिळाले नसते. त्यांचा अव्हेर करणे हा करंटेपणा होईल. परंतु ज्या विद्यार्थ्याच्या घरात महाविद्यालयात जाणारा तो पहिलाच आहे, त्याला केवळ दुवा पाठवून ‘जग तुझ्यासाठी खुले आहे’ असे सांगणे ही त्याची फसवणूक आहे. दोन महिन्यांनी तो अभ्यासक्रम अर्धवट सोडतो आणि दोष स्वतःच्या बुद्धीला देतो. ही हानी कोणत्याही अहवालात नोंदली जात नाही.

भाऊसाहेबांनी शाळेबरोबर छात्रालयाचाही विचार केला, कारण खेड्यातून आलेल्या मुलाची रात्र कशी जाते हे त्यांना माहीत होते. आजच्या विद्यार्थ्याची रात्रही अशाच एखाद्या न उमगलेल्या त्रुटीसमोर जाते. सकाळी तो महाविद्यालयात येतो तेव्हा त्याची वही उघडून ‘दाखव, कोठे अडले?’ असे विचारणारा शिक्षक त्याला भेटावा, ही अपेक्षा जुनीच आहे. नव्या अभ्यासक्रमांनी ती अधिक निकडीची केली आहे.